न जळणारी वात

१८ ऑगस्ट

नाही, वाचका, आधी तू गप्प बस. दरवेळी तुझं तेच, पुढं काय, पुढं काय. पुढं काही नाही. आई दोन पायऱ्या चढून ओट्यावर बसली आणि तिला बोलता येईना, एवढंच झालंय. ह्याची गोष्ट होत नाही. केडगावच्या खोलीत बसून मी शेवटाकडून सुरू होणाऱ्या, मधेच तुटणाऱ्या, माणसांना नावंच नसलेल्या कथा लिहिल्या, त्या तू वाचल्या नाहीस. म्हणालास, काही घडतच नाही. आता ही वही मात्र वाचणार, कारण खाजगी आहे ना. वाच. पण मधे बोलायचं नाही.

नावं पाहिजेत तर घे. आई लंकाबाई. आप्पा गहिनीनाथ, साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म गेला, आता रिटायर. मी सुकन्या, एकुलती. केडगावात क्लासमध्ये मराठी शिकवते. सुट्टी टाकून काष्टीला आलेय, कारण आईची धाप औषधाला दाद देत नाही. टीबी नाही, दमा नाही. परवा नगरला छातीच्या डॉक्टरांकडं जायचंय.

घरात तिघं आहोत आणि तिघं तीन ठिकाणी बसतो. आप्पा ओट्यावर, आई देवघरापाशी, मी मोबाईलमधे.

२० ऑगस्ट

डॉक्टरांनी सीटीचे फोटो उजेडात धरले. मग विचारलं, ‘कधी ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता का?’

मी म्हटलं, ‘नाही सर, आमचं घर स्लॅबचं आहे. पत्रे नाहीत.’

तेवढ्यात आप्पांचा फोन आला, आत आवाज तुटत होता म्हणून मी बाहेर गेले. आप्पांना म्हशीच्या पेंडीचं पोतं कुठं ठेवलंय ते विचारायचं होतं. मग क्लासवाल्यांचा फोन. आत आले तर आई खुर्चीत ताठ बसलेली, पदराचं टोक मुठीत.

डॉक्टर म्हणाले, ‘आईंना सगळं नीट समजावून सांगितलंय. फुप्फुसाच्या आवरणाचा प्रॉब्लेम आहे. जाड झालंय. ही फाईल. श्वासाचे व्यायाम रोज करायचे.’

कॅन्सर नाही म्हणाले. मी एवढंच ऐकलं आणि मोकळी झाले.

एसटीत आईनं भेळ घेतली नाही. खिडकीतून बघत होती, एकदम म्हणाली, ‘सुके, तुला जिना चढताना धाप लागती का गं?’

‘मला कशाला लागेल?’

‘मोठ्यानं श्वास घे बरं.’

‘आई, लोक बघतायत.’

‘बघूंदी. घे.’

घेतला. ‘आजून,’ म्हणाली. पुढच्या सीटवरची बाई वळून हसली. आई माझ्या छातीकडं बघत होती, माझ्या तोंडाकडं नाही. व्यायाम तिला सांगितलेत आणि करायला लावतेय मला.

२३ ऑगस्ट

आईच्या हातची भाकरी फुगली नाही. हे मी पहिल्यांदा बघितलं. तिनं ती तव्यावरून काढली, ताटलीत ठेवली, बोटानं दाबत राहिली.

‘आतनं चिकटली,’ म्हणाली. ‘वरनं काय दिसत न्हाई. पन पापुद्राच चिकटला तर फुगंल कशी?’

‘जुन्या पिठाची विरी गेली आसंल, चिकटपना ऱ्हात न्हाई,’ आप्पा म्हणाले. ‘आना इकडं. मला काय, चिकटल्याली बी जाती.’

आई हसली. हसताना धाप लागली. आप्पा घास हातात धरून तसेच बसले, ती नीट होईपर्यंत. मग खाल्लं.

ह्यात काही घडलं का? नाही. तरी लिहिलं.

३० ऑगस्ट

गल्लीतली पूजा आली होती, श्रीमंतकाकांची नवी सून. नवरात्राला वात मागायला.

आता हे तुला सांगावं लागणार. आमच्या गल्लीत लंकाबाईची वात म्हणजे नावाजलेली. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत अखंड दिवा ठेवायचा असतो. साध्या कापसाची वात जळत जाते, सारखी पुढं सारावी लागते, काजळी काढताना दिवा जातो, मग बाई रडकुंडीला येते. आईची वात जळतच नाही. तेल पिते, उजेड देते, आणि दसऱ्याला होती तेवढीच असते. कापूस आप्पांनी आणलेला. ऑफ सीझनला बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं गुंडाळलेलं काढून टाकायचे, त्यातला. कारखान्यात त्याला बॉयलरचा कापूस म्हणायचे. आप्पा अजून सांगतात, ‘लोकांनी कारखान्यातनं काय काय आनलं. म्या देवाला न जळनारी वात आनली.’

लहानपणी श्रावण लागला की दुपारी दार लोटून आई तो कापूस पिंजायला बसायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून दार लोटायचं. बोटांनी उकलायचा, मोकळा करायचा, मांडीवर वळायचा. मी तिच्या दुसऱ्या मांडीवर. कवाडाच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगायचं, चमकायचं. मी तोंड उघडून ते पकडायचे. आई म्हणायची, ‘चांदन्या खाती माझी बाय.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच आहे. ह्याच्यावर मी एकदा लिहिणार आहे.

तर पूजा म्हणाली, ‘काकू, सासूबाईंची जुनी वात हाय, पन मला माझी येगळी पायजे. तुमच्या हातची.’

आई म्हणाली, ‘संपल्या.’

‘आवो, येकच.’

‘संपल्या म्हनलं ना.’

माळ्यावर अर्धं पोतं आहे. मी स्वतः बघितलंय. देवापुढं बसून आई खोटं बोलली.

४ सप्टेंबर

आईला काय झालंय? काल उठून श्रीमंतकाकांच्या घरी गेली. मधल्या दोन ओट्यांवर बसत बसत गेली. आणि पूजाच्या सासूची वात देव्हाऱ्यातून काढून घेऊन आली! पूजा संध्याकाळी मला नळावर भेटली, डोळे लाल.

‘ताई, काकू म्हनल्या, माझी वस्तू हाय, मला परत पायजे. सासूबाई बोलना झाल्यात. देवापुढनं वात नेली, ह्याच्यापरीस वाईट काय आसतं का? माझ्या पायगुनानं झालं म्हनत्यात.’

मी माफी मागितली. घरी येऊन आईला विचारलं.

‘माझीच हाय ती,’ म्हणाली.

‘दिलेली वस्तू होती.’

‘दिली हुती. आता घेतली.’

मागच्या खोलीत झाकणाची बादली आहे, पाण्यानं भरलेली. झाकण उघडायला गेले तर केवढ्यानं ओरडली, ‘हात लावू नगं! कपडे भिजवल्यात.’ ओरडून इतकी दमली की भिंतीला टेकली.

माझ्या मनात एक वाईट विचार आला, लिहूनच टाकते. ऑक्सिजन कमी पडला की माणसाचा स्वभाव बदलतो म्हणे. जन्मभर वाटत आली ती बाई शेवटी एकेक वस्तू गोळा करतेय.

आप्पा हे सगळं ऐकत होते. सकाळपासून मागच्या भिंतीकडेला खड्डा खणतायत. नारळ लावायचाय म्हणे.

९ सप्टेंबर



दुपारी फाईल चाळत होते. रिपोर्टातला एकेक शब्द मोबाईलवर टाकून बघत होते. ॲस्बेस्टॉस टाकला, पत्र्यांचे फोटो आले. खाली सरकवत गेले. मग एक फोटो आला, पांढरट, तंतू तंतू सुटलेला, कोणाच्या तरी तळहातावर. खाली लिहिलेलं, बॉयलरच्या पाइपांवर उष्णता अडवायला वापरतात. जळत नाही.

बॉयलरचा कापूस.

मी मराठीची एम. ए. शब्दांवर जगते म्हणते. डॉक्टरांनी शब्द विचारला आणि मला त्याचा एकच अर्थ माहीत, पत्रा. आईच्या वतीनं मी ठणकावून नाही सांगितलं.

वाचलं ते असं. तो तंतू इतका बारीक की दिसत नाही. श्वासाबरोबर खोल जातो, काही तर पार कडेला, फुप्फुसावर जे पातळ आवरण असतं तिथवर पोचतात. शरीराला तो विरघळवता येत नाही. मग शरीर त्याच्याभोवती व्रण धरत राहातं. वीस वर्षं, तीस वर्षं, गुपचूप, काही दुखत नाही. आवरण जाड होतं, कडक होतं. आतलं फुप्फुस बरं असलं तरी त्याला फुगायला जागा मिळत नाही. आणि हे पुन्हा मऊ होत नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही. आप्पा बॉयलर चालवायचे, कापूस उकलत बसायचे नाहीत. बंद खोलीत तो मोकळा करायची ती आई.

देवासाठी.

आता हे कोणाला सांगू? आईला सांगितलं तर तिचा देव जातो. आप्पांना सांगितलं तर, त्यांनी हौसेनं आणलेलं, तिच्या छातीत जाऊन बसलं. आप्पा तर ह्यानं मरतील. हे फक्त मला माहितीय. ह्या घरात हे फक्त मला माहितीय आणि दोघं बाहेर चहा पितायत. कपबशीचा आवाज येतोय.

नवरात्र आलं. तिनं पुन्हा पोतं काढलं तर?

१२ सप्टेंबर

कसं सांगायचं ह्याचे सहा प्रकार लिहून फाडले. एकात मी डॉक्टर, एकात देवी, एकात नुसती वातच बोलते. सगळे भिकार. सरळ वाक्य लिहायला गेले, ‘आई, तुझ्या वातींमुळं झालंय,’ आणि ते वाक्य बघून मलाच उठून बाहेर जावं लागलं.

आज कडूबाई मावशी आली. चावडीपलीकडं राहाते, आईची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. पहिली वात आईनं तिला दिली होती. दोघी मिळून पिंजायला बसायच्या, ते मला आत्ता लिहिताना आठवतंय. मावशी उंबऱ्याच्या आत आलीच नाही.

‘लंके! सून म्हनती, तुझा निरोप आला. वात परत पायजे म्हनं?’

‘व्हय.’

‘माज्या देवातली?’

‘माझी हाय.’

‘तुझं डोस्कं ठिकान्यावर हाय का? दिलेली वात कुनी मागं घेतं व्हय?’

‘माझ्या वातीवर तू पुन्य कमवितीस फुकाट. लई वरसं कमावलंस. आता दे.’

आई असं बोलली. माझी आई. मावशीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं आता रडेल, पण तिनं कमरेवर हात ठेवले.

‘मेली तरी दिनार न्हाई. आन तू मेलीस तर वाती मागायला येऊ नगं वर.’

‘कडे, पाया पडते. दे.’

‘जा गं.’

गेली. फाटकापाशी बराच वेळ थांबली, खांबाला धरून, तोंड उघडं टाकून. फार नाटकी आहे कडूबाई पहिल्यापासून. आई तिच्याकडं बघत होती. मावशी दिसेनाशी झाल्यावर पण बघत होती.

संध्याकाळी आईनं परत मला विचारलं, ‘सुके, पान्याच्या टाकीच्या जिन्यावर येका दमात जातीस का?’ मी चिडले. म्हटलं, माझ्या श्वासाचं सोड, लोकांशी भांडणं बंद कर. उगाच बोलले.

१५ सप्टेंबर

ठरवलं. पोतं मीच उचलायचं, ओल्या कापडात गुंडाळायचं, डॉक्टरांना विचारून कुठं द्यायचं तिथं द्यायचं. आईला काहीच सांगायचं नाही. उंदरांनी खाल्लं म्हणेन.

तोंडाला ओढणी बांधून माळ्यावर चढले. पोतं नाही.

सगळा माळा पालथा घातला. नाही. खाली आले तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं. दार ढकललं. आई पाटावर बसून तांदूळ निवडत होती. बादली पण नव्हती.

‘काय गं?’

‘काही नाही.’

तिनं पोतं कुठं लपवलं? कोणाकडून उतरवलं? तिला शिडीला हात लावता येत नाही. आप्पांना विचारावं तर त्यांना संशय यायचा. ते भिंतीकडेला माती ओढत होते, तोंडाला गमछा, माती भिजवून भिजवून चोपत होते. मी म्हटलं, ‘नारळ कुठाय?’

‘नारळ?’ आप्पा म्हणाले. ‘रोप बरं मिळंना. तवर खड्डा बुजवला. कुनी पडंल.’

म्हातारपणी माणूस खड्डे खणतं आणि बुजवतं. हे दोघं मला काही सांगत नाहीत, मी त्यांना काही सांगत नाही. केडगावची खोली बरी होती, तिथं एकटं असायला कारण तरी होतं.

१७ सप्टेंबर

शेवटी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, सर, मी चुकीचं सांगितलं होतं, संबंध आलेला आहे. वातींचं सांगितलं. म्हटलं, आईला हे कसं सांगू? तिनं पोतं कुठंतरी लपवलंय, घट बसायला आले.

डॉक्टरांनी विचारलं, ‘तुम्हाला त्या बोलल्या नाहीत?’

‘कोण?’

‘आई तुमच्या. त्या दिवशी तुम्ही फोन घ्यायला गेलात ना, तेव्हा मी त्यांना समजावलं, ती वस्तू दिसते कशी, वापरतात कुठं. त्यांनीच ओळखली. वातींचं त्यांनीच सांगितलं. आवरण म्हणजे काय कळेना, तर मी म्हटलं, मावशी, भाकरीचा पापुद्रा चिकटला की भाकरी फुगत नाही, तसं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मग विचारलं, घरात आहे त्याचं काय करू? मी म्हटलं, सुकं हाताळायचं नाही, झाडायचं नाही, ओलं करून बंद करून ठेवायचं, कुठं द्यायचं ते चौकशी करून कळवतो. आणि विचारलं, वाटलेल्यांचं काय? मी म्हटलं, जमेल तेवढ्या परत घ्या. आणि ज्यांना धाप आहे त्यांना पाठवा.’

‘अजून काही म्हणाली?’

‘म्हणाल्या, माझ्या मालकांना कळायला नको. त्यांनी आणलंय. आणि विचारत होत्या, लहान लेकरू मांडीवर असायचं, त्याच्या छातीत गेलं असेल का? मी म्हटलं, सांगता येत नाही. तुम्ही एकदा येऊन जा. घाबरायचं नाही. पण येऊन जा.’

चांदण्या.

आज पुढं लिहीत नाही.

घटस्थापना

सकाळी आईनं घट बसवला. माती, धान्य, वर पाण्याचा कलश, माळ. समईत साध्या कापसाची वात घातली, दुकानातली. पूजा आणि दोघीतिघी हळदीकुंकवाला आलेल्या. सगळ्यांच्या नजरा वातीवर.

आप्पा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, ‘का गं, औंदा आपली वात न्हाई?’

‘कंटाळा आला तिचा,’ आई म्हणाली.

‘बरं,’ आप्पा म्हणाले. चेहरा पडला त्यांचा, बायकांच्या देखत. मला बघवेना.

तेव्हापासून ते समईजवळ पाट टाकून बसलेत. जेवायला पण उठले नाहीत, ताट तिथंच मागवलं. जरा वात जळली की काडीनं पुढं सारतात, काजळी काढतात, तेल बघतात. ओट्यावरचा माणूस देवघरात येऊन बसलाय. रुसलेत, दुसरं काय. आई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून माळेची फुलं ओवतेय. मधेच दिवा फडफडला तर दोघांचे हात एकदम पुढं आले.

भाकऱ्या आज मी केल्या. माझी एक फुगली. आईपुढं नेऊन धरली. तिनं फुगलेल्या भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मोठा श्वास घेतला, तिला दिसेल असा, आणि सोडला. तिनं पदर तोंडाला लावला. झालं आमचं बोलणं. आप्पांसमोर ह्याच्यापुढं कसं बोलणार?

बाकीच्या घरांतल्या वाती आईनं निरोप धाडून परत आणवल्यात, आता एकच घर राहिलंय, कडूबाईचं. आई तिथवर चालू शकत नाही आणि गेली तरी मावशी दारात उभी करणार नाही. म्हणून मी निघालेय. वात काढून आणायची नाही नुसती. मावशीला खरं सांगायचं. फाटकाला धरून ती उभी होती ते नाटक नव्हतं. उद्या तिला घेऊन नगरला जायचं, मी पण दाखवायचं. दोघींचे फोटो एकदमच काढू.

तू म्हणशील, मावशीला सांगितलं की गावाला कळलं, गावाला कळलं की आप्पांना. माहितीय. दोन दिवस तेच चघळतेय. पण आईला काय पाहिजे आणि मावशीच्या छातीला काय पाहिजे, ह्यात मी मावशीची छाती धरली. पुढं काय, ते मला विचारू नकोस.

चप्पल घालताना आप्पांनी आतून विचारलं, ‘कडूकडं का?’

मी हो म्हटलं. कसं कळलं त्यांना, कोण जाणे.

‘तिला म्हनावं, वात लंकीनी न्हाई मागितली. गहिनीनाथनी मागितली. माझी हाय, म्या आनली हुती. काय शिव्या द्यायच्या त्या मला दी म्हनावं.’

वात सारायची काडी हातातच होती. माझ्याकडं बघितलं नाही. आईनं ओवायची थांबवून त्यांच्याकडं बघितलं.

मी उंबऱ्यात उभी राहून हे खरडतेय. आप्पा असं का म्हणाले, मला नाही कळलं. आई काहीतरी बोलायला तोंड उघडतेय, तिला श्वास जुळवायला वेळ लागतो, आणि ती बोलली तर माझे पाय निघणार नाहीत. तू पण काही बोलू नकोस. निघाले.